लांब घंटा

नांदेडला ज्या ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते, तिथं तास संपला की एकच घंटा होते. टण्. ती झाली की माझं वाक्य जिथं असेल तिथं तुटतं. खडू फळ्याला टेकलेला, तोंड उघडं आणि मी गप्प. पहिल्या आठवड्यात पोरं हसली, मग त्यांनाही सवय झाली. आता मागच्या बाकावरचा एखादा टवाळ हळूच ‘टण् टण्’ म्हणतो आणि मी परत चालू होते. स्टाफरूममधल्या मॅडम म्हणतात, एकदा डॉक्टरला दाखवा. काय दाखवू, कपाळ! याला औषध नाही. हे माझ्या सरांनी आणि माझ्या अप्पांनी मिळून केलेलं काम आहे, आणि ते दोघंही काम पक्कं करणारे.

अप्पा एसटीत कंडक्टर होते, निलंगा डेपोला. कंडक्टरच्या भाषेत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमच्या घरी दीड वर्ष शाळा भरत होती आणि त्या शाळेची घंटा अप्पा द्यायचे. विद्यार्थिनी मी एकटी. मुख्याध्यापिका माझी आई. आणि ही सगळी शाळा ज्यांनी उभी केली ते सर, त्यांची आठवण निघाली की मला आधी राग येतो. राग एवढ्याचसाठी की त्यांचा एक नियम होता. पोरगं पास झालं की त्या घराची पायरी परत चढायची नाही. आणि मी पास झाले.

तर झालं असं होतं. मला शाळेला नेणारी काळीपिवळी जीप उसाच्या ट्रॉलीला चुकवताना पलटी झाली आणि माझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. बाकीच्या पोरांना खरचटलं, मला सळई बसली. एक ऑपरेशन झालं, हाड जुळेना. लातूरला दुसरं झालं. नववीचं वर्ष पलंगावर गेलं. शाळेनं नाव कमी केलं. त्यांचा तरी काय दोष, न दिसणाऱ्या पोरीला पटावर किती दिवस ठेवणार? माझ्या बरोबरीच्या पोरी लातूरला खोली करून राहिल्या, क्लास लावले. त्यांचे फोन यायचे, आज टेस्ट आहे, उद्या टेस्ट आहे. मी पत्र्याकडं बघत ‘हं, हं’ म्हणायची. मग फोनही कमी झाले. रडू यायचं, पण आईसमोर रडायची सोय नव्हती, ती माझ्याआधी सुरू व्हायची.

सर अप्पांच्या गाडीचे नेहमीचे प्रवासी. लातूरच्या एका शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले, राहायला निलंग्यात, एकटेच. मूळचे पार कर्नाटकच्या हद्दीवरचे, त्यामुळं बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द टाकत. अप्पांच्या ते लक्षात राहिले ते एका खोडीमुळं. बसल्या जागी शेजारच्या माणसाला काहीतरी शिकवायला लागत. शेळी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी औराद येईपर्यंत टक्केवारी शिकवली. म्हातारा उतरताना म्हणाला, ‘‘मास्तर, टक्केवारी समजली बगा, पर माझं गाव मागं गेलं की.’’

एक दिवस तिकीट देता देता अप्पांनी त्यांना माझं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पोरगी किती वाजता शाळेत बसते?’’

‘‘शाळा कुठली सर? नाव कमी झालंय तिचं.’’

‘‘मी वेळ विचारली, कंडक्टर. नावाचं मागून बघू.’’

पुढच्या सोमवारी ते आमच्या गावच्या थांब्यावर उतरले. सडपातळ माणूस, पांढरा सदरा, नाकावर चष्मा आणि खिशात चष्म्याचं घर. त्या घरात खडू. आत आले, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, ‘‘शाळा कुठंय?’’

आईनं बिचारीनं पलंग दाखवला.

‘‘हा पलंग झाला. शाळा कुठंय?’’

त्या दिवशी त्यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. दिवसभर शाळाच बांधली. ओसरीतलं ज्वारीचं पोतं आत गेलं, खुर्ची बाहेर आली, पाय ठेवायला स्टूल आलं. भिंतीवर काळा रंग मारायला त्यांनी अप्पांना बसवलं. मग नेमणुका केल्या. आईला म्हणाले, ‘‘तुम्ही हेडबाई.’’ आई म्हणाली, ‘‘अवो, मी सातवी शिकलेली.’’ सर म्हणाले, ‘‘शिकवायचं मला हाय. तुम्ही फक्त शाळा बंद पडू द्यायची न्हाई.’’ अप्पा खाकी कपड्यांतच होते, ड्युटीवर निघालेले. सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘तुम्ही शिपाई. ड्रेस हायच तुमच्याकडं.’’

अप्पांना हे पद इतकं आवडलं की त्यांनी संध्याकाळीच एका गॅरेजातून ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा लोखंडी तुकडा आणला, ओसरीच्या आढ्याला टांगला आणि पान्ह्यानं वाजवून बघितला. काय आवाज होता त्याचा! शेजारची म्हैस उठून उभी राहिली. सर म्हणाले, ‘‘शाळा भरायची घंटा द्या.’’ अप्पांनी दोन ठोके दिले. ‘‘मधल्या सुट्टीची?’’ एक ठोका. ‘‘सुट्टी संपल्याची?’’ दोन.

‘‘शाळेची घंटा अशी नसती, शिपाई.’’

‘‘सर, तीस वर्षं हीच देत आलोय. एकीला थांबायचं, दोनला निघायचं. मला दुसरी येत न्हाई.’’

सर पाट्याला टिचकी मारून म्हणाले, ‘‘साकू.’’ म्हणजे पुरे. समाधान झालं की ते एवढंच म्हणायचे. यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडून कोणी कधी ऐकलं नाही.

गणवेशाचीही तीच गत. पायात सळई, चालता येत नाही, घराबाहेर पडायचं नाही, तरी गणवेश पाहिजेच. आईनं सलवारीचा एक पाय उसवून त्याला नाड्या लावल्या आणि लावता लावता कुरकुरली, ‘‘घरातल्या घरात कशाला ओ सर?’’

‘‘घरात हाय म्हणूनच, हेडबाई. घरातल्या कपड्यातल्या पोरीला कुणीबी हाक मारतंय. लसूण सोल, मिरच्या निवड. गणवेशातल्या पोरीला हाक मारायला माणूस बिचकतो.’’

आणि खरंच बिचकायला लागली माणसं. दुपारची गप्पा हाणायला येणारी चुलती दारातूनच ‘अगं बाई, शाळा चालू हाय व्हय’ म्हणून परत फिरायची. आईसुद्धा अकरा ते पाच मला नावानं हाक मारायची नाही. मधल्या सुट्टीत ताट द्यायची आणि ताट घेऊन जाताना पोरींच्या शाळेतल्या बाईसारखी नजर टाकून जायची. मला हसू यायचं. पण किती दिवसांनी येत होतं ते हसू!

सर आले की आधी हजेरी व्हायची. सर समोर उभे राहायचे, घसा खाकरायचे. ‘‘रोल नंबर एक.’’

‘‘हजर, सर.’’

मग हातातल्या खडूनं हवेत बरोबरची खूण करायचे. हजेरीपट ठेवला नव्हता. एकीसाठी कागद कशाला नासायचा, म्हणायचे. पण ती हवेतली खूण मात्र मन लावून करायचे, खालून वर, शेवटी जराशी झोकात. मी आळसटून ‘हजर’ म्हटलं तर खडू हवेत तसाच थांबायचा. परत नीट म्हटल्याशिवाय खूण नाही. पहिल्या चाचणीत मी वर्गात पहिली आले. शेवटचीही मीच. सरांनी पहिलीचं अभिनंदन केलं आणि शेवटचीला झाप झाप झापलं.

हजेरीनंतर परिपाठ व्हायचा आणि त्यात सुविचार हेडबाईंनी सांगायचा असा हुकूम होता. आई आधी लाजली, मग तिला चेव आला. ‘‘आजचा सुविचार. दूध उतू जाताना घरातल्या शिकल्यासवरल्या माणसानं नुसतं बघत उभं राहू नये.’’ अप्पा पाट्याखाली पान्हा धरून खाली मान घालायचे. सर गंभीरपणे म्हणायचे, ‘‘योग्य. रोल नंबर एक, फळ्यावर लिही.’’ आणि मला ते लिहायला लागायचं.

सर आठवड्यातून तीनदा येत. बाकीच्या दिवशी शाळा नेमून दिलेल्या अभ्यासावर चालायची, आणि अप्पा ड्युटीवर असले की त्यांच्याच हिशेबानं घंटा आई द्यायची. पण तेव्हाही निवांतपणा नव्हता, कारण सर तपासणीला येत. तपासणी न सांगता असते. शिरूर अनंतपाळला त्यांचा एक विद्यार्थी हॉटेलात भजी तळायचा, औरादकडं एका घरची सून दोन लेकरं सांभाळून दहावी करत होती. अशा त्यांच्या शाळा गावोगाव. जाता येता एसटी आमच्या गावात थांबली की सर उतरायचे, ओसरीत यायचे, फळा बघायचे, खुर्चीवर बोट फिरवून धूळ बघायचे. मग ‘‘हेडबाई, खडू संपलेत’’ किंवा असलंच काहीतरी बोलून मागून येणाऱ्या गाडीनं निघून जायचे. आई त्या धाकानं रोज खुर्ची पुसायची.

लातूरच्या क्लासवाल्यांनी त्यांना बोलावलं नव्हतं असं नाही. मोठा पगार, गाडी, सगळं. सर एकदा बघून आले म्हणे. रस्त्याच्या कडेला पोरांच्या फोटोंचा हा भला मोठा बोर्ड लावलेला. त्याखाली उभं राहून त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, ‘‘ह्ये पास झालेले. बाकीचे कुठं हायत?’’ त्याला कळेना. सर म्हणाले, ‘‘मला त्यांचा पत्ता द्या.’’ नोकरीचं तिथंच राहिलं.

कुबड्या आल्या त्या दिवशी मी ओसरीच्या पायरीपर्यंत गेले आणि घाबरून परत फिरले. दुसऱ्या दिवशी सरांनी सूचना काढली. सहल! ठिकाण, रस्त्याकडेचं चिंचेचं झाड. आमच्या दारातून दिसतं ते. आईनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. सर पुढं, मग मी, मागं हेडबाई, शेवटी शिपाई पाण्याची कळशी घेऊन. सर मागं वळून ओरडायचे, ‘‘रांग मोडायची न्हाई!’’ एका पोरीची रांग कशी मोडणार? दर चार पावलांनी मला घाम फुटायचा. मी थांबले की अप्पा मागून तोंडानं ‘टण् टण्’ करायचे, की मी परत निघायची. झाडाखाली पोचले तेव्हा जीपच्या अपघातानंतर पहिल्यांदाच माझ्या अंगावर उघडं आभाळ होतं. सरांनी दशमी खाल्ली, हात झटकले आणि म्हणाले, ‘‘साकू.’’ मी हमसून हमसून रडले. आई माझ्याआधीच सुरू झाली होती.

मग सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म भरावा लागतो, एक संपर्क केंद्राची शाळा मिळते, तिथं तोंडी आणि प्रात्यक्षिकं द्यायची. सरांनी बोटांवर हिशेब मांडून दाखवला. वय बसतंय, पाचवी केव्हाच पास, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, फोटो, आधार. ‘‘अजून काय पायजे? अक्कल. ती आणायला लागलोच हाव.’’ ऑनलाइन भरून कागद द्यायला आम्ही निलंग्याच्या त्या शाळेत गेलो. सर, मी, अप्पा. तिथल्या क्लार्कनं माझ्या कुबड्या बघून सहज विचारलं, ‘‘म्हणजे पोरगी घरीच असते?’’

‘‘न्हाई,’’ सर म्हणाले. ‘‘शाळेत असते.’’

‘‘कोणत्या?’’

‘‘तिच्या. अकरा ते पाच.’’

क्लार्कनं आशेनं अप्पांकडं बघितलं. ‘‘आणि तुम्ही वडील का?’’

अप्पा खाकीत होतेच. म्हणाले, ‘‘मी तिथं शिपाई हाय.’’

त्या भल्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि शिक्का मारला.

त्या दिवशी परत येताना अप्पांनी गाडीत मला सरांचा तो नियम सांगितला. पास झालेल्याच्या घरी सर जात नाहीत. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ करतात, शाळा सुटल्याची लांब घंटा द्यायला लावतात आणि संपलं. भजीवाला पोरगा पास झाला, त्याच्या आईनं पुरणपोळीचं जेवण केलं, सर गेले नाहीत. त्याच हॉटेलात चहालासुद्धा परत बसले नाहीत. मला पास व्हायचंच होतं. पलंगावरून उठून, त्या लातूरच्या पोरींच्या बरोबरीनं पुढं जायचंच होतं. आणि सर जायला नको होते. हे दोन्ही एकदम होणार नव्हतं.

मी तशी तोंडाळ. दुसऱ्या दिवशी भूमितीचा तास चालू असताना विचारलं, ‘‘सर, मी नापास झाले तर तुम्ही येताल ना?’’

सरांनी खडू चष्म्याच्या घरात ठेवला. चष्मा काढला. इतका राग आलेला मी त्यांना कधी बघितला नव्हता. ओरडले मात्र नाहीत. ‘‘हेडबाई,’’ आत हाक मारली, ‘‘आज शाळेला सुट्टी. रोल नंबर एक गैरहजर हाय.’’

‘‘अवो, ही काय समोर बसलीय!’’

‘‘समोर हाय ती मला वळखू येईना.’’ आणि पायऱ्या उतरून थांब्यावर जाऊन उभे राहिले. आई चहा घेऊन मागं पळाली, तो घेतला नाही.

मला वाटलं, गेले. त्या दोन दिवसांत मी काय खाल्लं ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी वेळेवर आले, जणू काही झालंच नाही. ‘‘रोल नंबर एक.’’ मी इतक्या जोरात ‘हजर, सर’ म्हणाले की आत आईच्या हातातलं उलथनं पडलं. हवेत खूण झाली. मग फळ्याकडं तोंड करून, माझ्याकडं न बघता, ते बोलले. ‘‘मी येत राहिलो की तू दाराकडं बघत राहणार. दाराकडं बघणाऱ्याला पुस्तक दिसत न्हाई. आणि मला पुढच्या दारात जायचं असतंय. तिथं कुणीतरी पत्र्याकडं बघत पडलेलं असतंय.’’ पत्र्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

परीक्षा आली. केंद्र निलंग्यातच. पहिला पेपर मराठीचा, माझा हातखंडा. मी झरझर लिहायला लागले आणि अर्धा तास झाल्याची घंटा झाली. एक. टण्.

माझा हात थांबला. मी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली. आता दोन झाल्या की लिहायचं. मला त्यात काही वावगंच वाटलं नाही, हे आता कोणाला सांगून पटत नाही. दीड वर्ष हाडात मुरलं होतं ते. आजूबाजूची पोरं खाली मान घालून लिहीत होती आणि मी मनात म्हणत होते, यांच्या शाळेत काही शिस्तच नाही. वर्गावरच्या बाई दोनदा जवळून गेल्या. शेवटी थांबल्या. ‘‘का गं, झालं लिहून?’’

‘‘नाही, बाई.’’

‘‘मग?’’

‘‘निघायची घंटा झाली नाही अजून.’’

बाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘लिही गं माझे आई, घंटेचं तुला काय करायचंय!’’

मग मात्र मला दरदरून घाम फुटला. पुढचं सगळं धावत पळत लिहिलं. निबंध अर्धा राहिला. बाहेर सर आणि अप्पा बाकावर बसले होते. मी कुबड्या टाकून तिथंच भोकाड पसरलं. अप्पांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या घंटेनं लेकीचा पेपर खाल्ला होता. ‘‘सर, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणला होतात,’’ एवढंच बोलले. सर म्हणाले, ‘‘आणि मीच साकू म्हणलो होतो. चूक शाळेची हाय, शिपायाची न्हाई. चला, दुरुस्त करू.’’

त्या संध्याकाळचा विषय गावात अजून निघतो. सरांनी मला ओसरीत लिहायला बसवलं आणि अप्पांना पाट्यापाशी उभं केलं. ‘‘वाजवा.’’ अप्पा वाजवायचे. एक. मी थांबायची. ‘‘लिही!’’ दोन. एक. तीन. परत एक. अप्पांच्या हाताला तीन ठोके येईनात, मोजताना चुकायचे, मग चिडून पाच हाणायचे. म्हैस ओरडायला लागली, कुत्री भुंकायला लागली, चुलता विचारायला आला की कुणी गेलं का काय. आई दारात उभी राहून त्याला म्हणाली, ‘‘तास चालू हाय भावजी, मागून या.’’ मी रडत, हसत लिहीत होते. दिवे लागायच्या वेळेला कधीतरी एक घंटा झाली आणि हात थांबला नाही, निदान परीक्षा संपेपर्यंत तरी. अप्पांनी पान्हा खाली ठेवला. त्यांच्या तळहाताला फोड आला होता.

बाकीचे पेपर नीट गेले. निकाल लागला. मराठीत कमी पडले, गणितात भरून निघाले. पास. आई पेढे घेऊन गावभर फिरली आणि मी ओसरीत फळ्याकडं बघत बसले. तो दिवस उगवूच नये असं मला वाटत होतं आणि तो उगवला होता.

चौथ्या दिवशी सर निरोप समारंभाला आले. हातात गुलाबाचं एक फूल. शाळा पूर्ण हजर, म्हणजे मी, हेडबाई आणि शिपाई. मला भाषण करायला लावलं. मी ‘आदरणीय सर’ म्हणाले आणि पुढं शब्द फुटेना. सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘छान झालं. मुद्देसूद.’’ हेडबाईंना सुविचार विचारला. आईनं पदर तोंडाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली. मग सर अप्पांकडं वळले. ‘‘शिपाई, शाळा सुटल्याची घंटा द्या. लांब द्यायची. आता येतीय तुम्हाला.’’

अप्पा इस्त्रीची खाकी घालून आले होते, रजा असताना. त्यांनी पान्हा उचलला. पाट्याला हात लावून तो स्थिर केला. आणि दिले, दोन ठोके. टण् टण्.

‘‘लांब, शिपाई.’’

‘‘मला दोनच येत्यात, सर.’’

‘‘त्या दिवशी पाच दिल्या होत्या.’’

‘‘त्या तुम्ही द्यायला लावल्या होत्या.’’ आयुष्यात कधी कोणा मास्तराला अप्पांनी उलट उत्तर दिलं नव्हतं. ‘‘सर, तुम्हाला उतरायचं तर उतरा. माझी ना न्हाई. पर गाडी डेपोत लागली, असं मी म्हणणार न्हाई.’’

पाट्याचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि बंद झाला. सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. ‘‘मग ही शाळा सुटली न्हाई,’’ म्हणाले. ‘‘न्हाई,’’ अप्पा म्हणाले. सरांनी ते फूल माझ्या हातात दिलं आणि ते पायऱ्या उतरले. ते ‘साकू’ म्हणाले नाहीत. मला अजून वाटतं, त्यांनी म्हणायला हवं होतं, किंवा म्हणाले नाहीत तेच बरं झालं, कुणास ठाऊक.

नियम त्यांनी पाळला. मी लातूरला अकरावीला गेले, मग नांदेडला, मास्तरीण झाले. फोन लावायची. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन. ‘‘कोण?’’ मी नाव सांगायची. ‘‘पास झालेल्यांनी फोन करू नये,’’ आणि कट. दर गुरुपौर्णिमेला मी हे ऐकून घेतलं. रागानं फोन आदळायची आणि पुढच्या वर्षी परत लावायची. अप्पा नशीबवान. त्यांच्या गाडीत सर बसायचे, तिकीट घ्यायचे, माझी चौकशी करायचे नाहीत. पण अप्पा सांगायचे, सर उतरल्यावर आपण दोन घंटा दिल्या की ते जागेवर थांबतात. गाडी गेल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत. मग अप्पाही निवृत्त झाले आणि तेवढं बघणारंही कोणी राहिलं नाही. नंतर सरांचा फोन लागेनासा झाला.

गेल्या दिवाळीत मी गावाकडं निघाले होते. लातूरला गाडीत ही गर्दी, मला मागं खिडकीजवळ जागा मिळाली. निलंग्याच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबली. पुढच्या दारानं कोणीतरी फार सावकाश उतरत होतं. लोक चुकचुकत होते. दांड्याला धरलेला तो हात मी ओळखला. वाळला होता, पण बोटांना खडू लागलेला.

गर्दीतून पुढं जाणं शक्यच नव्हतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सर रस्त्याच्या कडेला पोचले होते. पाठ माझ्याकडं. पलीकडं एक माणूस मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला आला होता, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी होती. नवी शाळा, नवा शिपाई. सर, सर म्हणून हाक मारावी, तर ते वळणार नाहीत हे मला माहीत होतं. पास झालेल्यांकडं ते वळत नसत.

कंडक्टरनं घंटा दिली. टण् टण्. सर जागेवर थांबले.

आणि मी ओरडले. सगळी गाडी दचकली. शेजारच्या बाईचं लेकरू रडायला लागलं. ‘‘रोल नंबर एक, हजर, सर!’’

सर वळले नाहीत. गाडी निघाली. मी मान मोडेपर्यंत मागं बघत राहिले. त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि त्यांनी हवेत बरोबरची खूण केली, खालून वर, शेवटी जराशी झोकात.

घरी पोचले तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं. चपलासुद्धा न काढता ओसरीत बसून सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकलं. वर, आढ्याला टांगलेल्या पाट्याकडं बघितलं आणि डोळे पुसत म्हणाले, ‘‘हजेरी घेतली ना? मग झालं तर.’’

आई उठली. आत गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि खुर्ची पुसायला लागली. ‘‘अजून हिकडंच हाय म्हण की त्यांची शाळा,’’ ती म्हणाली. ‘‘ऊठ, चपला काढ आधी. तपासणीला कवा येतील काय सांगावं.’’